नाताळची पेटी

सहा जानेवारीला तीन राजांचा सण झाला की आमच्याकडे नाताळ उतरतो. बारा-तेरा दिवस ओसरीच्या कोपऱ्यात मांडलेला गोठा मोडावयाचा, वाळलेले गवत काढून टाकावयाचे, आणि मेंढपाळ, मेंढरे, बैल, गाढव, तीन राजे, योसेफ, मारिया व बाळ येशू यांना पुसून, फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवावयाचे. गोठा मांडताना घरातील मुले एकमेकांच्या अंगावर पडत असतात. तो मोडण्याच्या दिवशी त्यांपैकी एकही जवळपास दिसत नाही. हे काम बहुधा घरातील वडीलधाऱ्या बाईच्या वाट्याला येते, आणि ती ते मुकाट्याने उरकते. श्रोतेहो, सण कसे सुरू झाले हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. परंतु सण संपल्यावर त्याच्या वस्तू कोठे गेल्या, कशा टिकल्या आणि कशा नाहीशा झाल्या, याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. आजच्या भाषणात त्या पेटीत डोकावून पाहावे असा माझा विचार आहे.

माझे आजोळ वसईकडचे. आजीची पेटी सागवानी होती, आणि त्या पेटीसंबंधी तिचा एक नियम होता. पेटी वर्षातून तीन वेळा उघडली गेलीच पाहिजे: एकदा मे महिन्यात, मृगाच्या आधी, दुसऱ्यांदा पाऊस सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले म्हणजे, आणि तिसऱ्यांदा नाताळात. मे महिन्यात गोठ्याचे काय काम, असे आम्ही मुले विचारीत असू. “त्यांनाही वारा लागू दे,” एवढेच ती म्हणे. पुतळ्यांना मात्र ती कधी उन्हात ठेवीत नसे. उन्हात जात ती रिकामी पेटी आणि गुंडाळण्याची फडकी. पुतळे पडवीच्या सावलीत सुपामध्ये ओळीने निजलेले असत. या नियमात किती शहाणपण होते हे कळावयास मला पुष्कळ वर्षे आणि एक नुकसान लागले. त्याची हकीकत पुढे येईलच.

गोठ्याचा इतिहास सांगताना इटलीतील ग्रेच्चो या खेड्याचे नाव प्रथम येते. १२२३ सालच्या नाताळच्या रात्री असिसीच्या संत फ्रान्सिसने तेथे एक गव्हाण मांडली, तीत गवत घातले, शेजारी जिवंत बैल आणि गाढव उभे केले, आणि तेथेच मिस्सा झाली. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस याने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्या रात्रीच्या मांडणीत सांभाळून ठेवण्याजोगे काहीच नव्हते. सकाळी गवत जनावरांनी खाल्ले असेल आणि जनावरे आपापल्या धन्याकडे गेली असतील. जतनाचा प्रश्न आला तो पुढे, लोक गोठ्यासाठी पुतळे करू लागले तेव्हा. अठराव्या शतकात नेपल्स शहरात या कलेला बहर आला. तेथील पुतळ्यांचे डोके भाजलेल्या मातीचे, शरीर तारेला ताग गुंडाळून केलेले, आणि अंगावर खरेखुरे रेशीम असे. त्याच शतकात पोर्तुगालमध्ये जुआकिं माशादु द काश्त्रु या शिल्पकाराने लिस्बनच्या एश्त्रेल देवळासाठी माती व बुचाचे लाकूड वापरून जो गोठा उभारला, त्यात पाचशेहून अधिक आकृती आहेत. असा गोठा घडविणे कठीण खरेच; पण पिढ्यानपिढ्या त्याची निगा राखणे त्याहून सोपे नसणार.

हे सारे आपल्याहून थंड हवेच्या देशांत झाले. आपल्याकडे ते आले समुद्रमार्गाने. १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला, आणि त्यांच्या धर्माबरोबर त्या धर्माच्या मूर्तीही आल्या. थोड्याच काळात त्या येथेच घडू लागल्या. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मोझांबिककडून, हस्तिदंत गोव्यात येई आणि येथील कारागीर त्याच्या मूर्ती कोरीत. सतराव्या शतकातील ‘उत्तम मेंढपाळ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मूर्ती त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांत बाल येशू एका डोंगराच्या माथ्यावर बसलेला असतो, खांद्यावर कोकरू असते, डोळे मिटलेले असतात, आणि खाली झरे, गुहा व मेंढरे कोरलेली असतात. ते मिटलेले डोळे व ती बैठक पाहून बुद्धमूर्तीची आठवण अनेकांना झाली आहे, आणि ती अकारण नव्हे.

हस्तिदंत हा पदार्थ दगडासारखा निर्जीव दिसतो. पण तो हवेतील ओलावा शोषतो आणि कोरड्या हवेत सोडून देतो. ओलाव्याने तो फुगतो, सुकल्यावर आक्रसतो, आणि ही उलाढाल वारंवार झाली की त्याला रेषेरेषेने तडे जातात. आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. अंधारात कोंडून ठेवलेला हस्तिदंत पिवळा पडतो. मंद उजेडात तो अधिक काळ पांढरा राहतो. तेव्हा मौल्यवान म्हणून अगदी तळाशी, काळोखात पुरून ठेवलेली मूर्तीच आधी म्हातारी दिसू लागते. जुन्या गोमंतकीय घरांतील लाकडी देव्हाऱ्याला, म्हणजे ओरातोरियोला, दारे असतात. ती प्रार्थनेच्या वेळी उघडतात आणि नंतर लावतात. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसविलेले असत. त्यांतून दुधाळ उजेड आत येई. ही घरे बांधणाऱ्यांच्या मनात मूर्तींची काळजी होती असे मी म्हणत नाही. पण मूर्तींना ती मानवली एवढे खरे. यांपैकी कितीतरी वस्तू आज ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात आहेत. ते १९९४ साली राशोलच्या सेमिनारीत सुरू झाले आणि २००२ साली जुन्या गोव्यातील सांता मोनिकाच्या मठात हलविण्यात आले. हस्तिदंताची खरेदीविक्री आता कायद्याने बंद आहे. ज्यांच्या घरी वाडवडिलांची अशी मूर्ती असेल त्यांनी तिचे कागदपत्रही तितक्याच काळजीने ठेवावेत, एवढे जाता जाता सांगतो.

आता आपल्या हवेकडे वळू. गोव्याच्या किनाऱ्यावर वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता ऐंशी ते नव्वद टक्क्यांच्या आसपास असते. ती पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कापड, कागद, चामडे, लाकूड यांवर बुरशी धरू लागते. म्हणजे किनाऱ्यावरचे चार महिने हे बुरशीच्या मालकीचेच म्हणावयाचे. तिच्या जोडीला वाळवी आहे, कसर आहे, झुरळ आहे, आणि गोठ्यातील गवतावर व गव्हाच्या पिठाच्या खळीवर डोळा ठेवून असलेला उंदीर आहे.

या हवेने काय नेले याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण मूर्तीचे नाही, ग्रंथाचे आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि येथल्या लोकांसाठी त्याने मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या पुराणात बेथलेहेमच्या जन्मकथेलाही अर्थातच स्थान आहे. ते १६१६ साली छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. छापखान्यातून तीन वेळा निघालेल्या या ग्रंथाची त्या तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. दोष सगळा पावसाळ्याचा नव्हे. १६८४ साली राजसत्तेने देशी भाषांविरुद्ध फर्मान काढले, आणि ज्या भाषेतील पुस्तक बाळगणे सोयीचे नाही त्या पुस्तकाला ऊन दाखवण्याचे धाडस कोण करणार? फर्मान आणि वाळवी यांनी आपापला वाटा उचलला असावा.

मग ख्रिस्तपुराण आपल्यापर्यंत पोचले कसे? हस्तलिखितांतून. किनाऱ्यावरच्या, विशेषतः मंगळूरकडे गेलेल्या, ख्रिस्ती कुटुंबांत ते वाचले जात होते; आणि जे वाचले जाते ते जीर्ण झाले की पुन्हा उतरवून घ्यावे लागते. अशा प्रतींच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे रोमन लिपीत ते छापले. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या संग्रहात आहे. छापील प्रती नाहीशा झाल्या, आणि हाताळून हाताळून कोपरे झिजलेल्या वह्या राहिल्या. आजीच्या “वारा लागू दे” या शब्दांची मला येथे आठवण होते.

माझ्या आजोळच्या वसईतही हेच दिसते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली. किल्ल्यातील देवळांचे दगडी भाग अजून उभे आहेत. आतील लाकडी वेदी, वस्त्रे, मेणबत्त्यांची झुंबरे यांतील काही त्या जागी उरलेले नाही. घंटा मात्र उरल्या. वाईजवळच्या मेणवली गावी नाना फडणविसांच्या वाड्यालगतच्या घाटावर जी घंटा टांगलेली आहे तिच्यावर १७०७ हा सन आणि बाळासह मारियेची आकृती आहे. घाटावर येणारा माणूस तिच्याकडे आजही कौतुकाने पाहतो. पंचधातूला पावसाचे भय थोडे. भय आहे ते आपल्या पेटीतल्या नाजूक वस्तूंना.

आपल्या लोकांनी या भयावर उपाय योजले नव्हते असे मुळीच नाही. पेशवे दप्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि पोथ्या बासनात. कापड धूळ अडविते आणि हवा जाऊ देते. आतला ओलावा बाहेर पडावयास वाट राहते. पोथीत कडुलिंबाची सुकी पाने, वेखंडाचे तुकडे, क्वचित सापाची कात ठेवीत. गोव्यातील ख्रिस्ती घरांत मे महिना हा पुरुमेंताचा. हा शब्द पोर्तुगीजवरून आला. त्याचा अर्थ पावसाळ्यासाठी करून ठेवलेली बेगमी. सुके मासे, मिरच्या, चिंच, सोलां, फणसाचे पापड हे सर्व त्या महिन्याच्या उन्हात वाळते आणि मृगाच्या आत फडताळात जाते. अंगणात ऊन फुकट आहे आणि घरातील सर्व हात कामाला लागले आहेत, अशा वेळी सणाच्या पेटीलाही तेच ऊन द्यावे, यात मोठी योजकता आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढावयाचा म्हटला असता तर तो कधीच उगवला नसता.

कापराविषयी थोडे विस्ताराने बोलले पाहिजे. पूजेचा आणि पेटीचा कापूर पूर्वी चीन, जपान व फोर्मोसा येथील झाडांपासून निघे. भीमसेनी कापूर सुमात्रा-बोर्निओकडील निराळ्या झाडाचा. दक्षिण चीनमध्ये कापराच्या झाडाच्या लाकडाच्याच पेट्या बनत, आणि त्या जहाजांतून दूरदूर जात. अशी पेटी उघडली की पन्नास वर्षांनीही वास येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात दगडी कोळशाच्या डांबरापासून नॅफ्थलीन निघू लागले. आपण ज्यांना डांबराच्या गोळ्या म्हणतो त्या याच. नाव अगदी बरोबर आहे. त्या स्वस्त म्हणून कापराची जागा त्यांनी घेतली. परंतु तान्ह्या मुलांच्या बाबतीत त्या घातक ठरू शकतात. काही मुलांच्या रक्तात एका द्रव्याची जन्मतः उणीव असते, आणि या गोळ्यांत ठेवलेले कपडे न झटकता, न वाळवता त्यांच्या अंगावर घातल्यास त्यांचे रक्त बिघडते. गोठ्यातील बाळाच्या दुलईला खेळणारी बाळे घरोघर असतात, हे विसरू नये. आणखी असे की, कापूर आणि डांबराच्या गोळ्या एकाच पेटीत ठेवल्या तर दोन्ही मिळून आपल्या उन्हाळ्यात पाघळतात आणि त्यांचे डाग पडतात. दुप्पट संरक्षण होईल या समजुतीने असे करणारी पुष्कळ मंडळी मी पाहिली आहेत.

काचेचे गोळे आपल्याकडे बरेच उशिरा आले. जर्मनीतील लाउशा या काचकारागिरांच्या गावी ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला होऊ लागले. आतून चांदीचा मुलामा दिलेले ते गोळे पुढे जगभर गेले. मुलामा आतून असल्यामुळे ते बाहेरून धुता येतील असे वाटते; पण वरच्या टोपणापाशी पाणी आत शिरले की मुलामा काळवंडतो. ते कोरड्या मऊ फडक्याने पुसावेत, आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत. ज्या कागदात आपले हे भाषण छापून येणार आहे त्याची निंदा करणे मला शोभत नाही; पण तो कागद लवकर पिवळा पडतो, आम्लधर्मी होतो, आणि त्याची शाई ओलाव्याने मूर्तीच्या गालावर उमटते. जुन्या धोतराचा धुतलेला, खळ नसलेला तुकडा याहून शतपट चांगला.

आता माझ्या नुकसानीची हकीकत. काही वर्षांपूर्वी ऐन जुलैत आम्हाला घर बदलावे लागले. आजीची पेटी जड, म्हणून मी रबरी कडा असलेला, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा विकत आणला, गोठ्याचे सर्व सामान त्यात भरले, सढळ हाताने डांबराच्या गोळ्या टाकल्या, आणि तो नव्या घराच्या पत्र्याखालील माळ्यावर चढविला. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही याचे मला मोठे समाधान होते. डिसेंबरात झाकण उघडले तेव्हा आतून कुबट वास आला. योसेफाच्या लाकडी अंगावर करडी बुरशी होती. प्लास्टरच्या मेंढपाळाचा रंग पोपडे धरून सुटला होता. एका राजाच्या रेशमी झग्यावर तपकिरी ठिपके पडले होते, आणि प्लास्टिकचा तारा व डांबराच्या गोळ्या एकमेकांना अशा चिकटल्या होत्या की वेगळ्या करता येईनात. पाणी बाहेरून आलेच नव्हते. जुलैच्या दमट दिवशी लाकडाने, कापडाने आणि प्लास्टरने जो ओलावा धरला होता तो मीच आत कोंडला. दिवसा पत्रा तापला की तो वाफ होऊन वर जाई, आणि रात्री झाकणाला दव होऊन पुन्हा त्याच पुतळ्यांवर उतरे. शाळेत मुलांना बाष्पीभवन आणि सांद्रीभवन शिकवणाऱ्या मनुष्याच्या घरात हे घडले, हे सांगावयास मला संकोच वाटतो.

प्लास्टिकचा डबा सर्वथा वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. सामान जानेवारीच्या कोरड्या हवेत, चांगले वारे देऊन भरले, आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या आणि त्या वेळोवेळी सुकवल्या वा बदलल्या, तर डबाही काम देतो. पण जो मनुष्य पुड्या बदलावयास डबा उघडतो तो मुळात आजीचाच नियम पाळत असतो. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील श्रोत्यांची अडचण वेगळी आहे. तेथे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा खडखडीत कोरडी असते. लाकूड आक्रसते, सरस सुटतो, रंगाला भेगा पडतात, आणि मेणबत्त्या वितळल्या नाहीत तरी वाकतात. तेथे वस्तू छपराखाली ठेवण्याऐवजी आतल्या खोलीत, जमिनीपासून वीतभर उंच ठेवणे बरे. गौरींचे पितळी मुखवटे चिंचेने घासून ओलसरच गुंडाळले तर त्यांवर हिरवट डाग पडतात, हे तिकडच्या सुगृहिणींना मी सांगावयास नको. हैदराबादेत दसऱ्याला मांडल्या जाणाऱ्या बोम्मल कोलुवूच्या बाहुल्याही वर्षभर अशाच पेटीत झोपलेल्या असतात.

काही वस्तू सांभाळूच नयेत, असेही मला वाटते. गोव्यात गणेशचतुर्थीला देवावर रानातील फळांची व वेलींची माटोळी बांधतात. ती कोणी जपून ठेवीत नाही, पुढच्या वर्षी मुले पुन्हा रानात जातात. कामट्यांचा आणि पतंगी कागदाचा नाताळचा तारा हाही त्याच जातीचा. तो पेटीत दडपून ठेवला तर कागद फाटतो, आणि मुलांची तारा बांधण्याची एक संध्याकाळ वाया जाते.

योसेफाला आम्ही मऊ कुंचल्याने कोरडेच साफ केले, तो बचावला. रेशमी झगा गेला. त्यानंतर मी अडगळीतून आजीची सागवानी पेटी बाहेर काढली. झाकणाच्या आतील बाजूस खळीने चिकटवलेला एक कागद होता, त्यावर तिच्या बाळबोध अक्षरात पुतळ्यांची यादी. मेंढरे अकरा, त्यांतील एक लंगडे. मेंढपाळ तीन. शेवटी एक ओळ: धाकट्या मेंढपाळाचा तुटलेला हात बाळाच्या फडक्यात आहे. डब्यात सामान भरताना मी ती फडकी उलगडूनही पाहिली नव्हती. आता पाहिले, तर हात तेथेच होता, आगपेटीच्या काडीएवढा. या मे महिन्यात पुतळे वाऱ्याला काढू तेव्हा तो बसवावा, असे घरात ठरले आहे.